चोविसाव्या हिश्श्याची टॅक्सी

“सर, आपण अजून मोटारींशीं खेळतां?”

नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें हा प्रश्न मला गेल्या पावसाळ्यांत विचारला. माझ्या पिशवींतून लांकडाची एक लहानशी मोटार डोकावत होती, व तिला अद्याप चाकें नव्हतीं. प्रश्नांत उद्धटपणा मुळींच नव्हता. उलट, आपल्यासारखाच आणखी एक अपराधी सांपडल्याचा आनंद त्याच्या मुद्रेवर स्पष्ट दिसत होता. चौकशीअंतीं असें कळलें कीं, या मुलाच्या दप्तरांत आगपेटीएवढ्या तीन मोटारी कायमच्या वस्तीस असतात. पंचेचाळिशी गांठलेल्या गणिताच्या शिक्षकानें मोटारी कां कराव्या, याचें उत्तर मला त्या वेळीं देतां आलें नाहीं. “प्रमाण शिकवावयास उपयोगी पडतें,” असें कांहींतरी मी बोलून गेलों. तें खोटें नव्हतें, पण पुरतें खरेंहि नव्हतें. राहिलेलें उत्तर आतां देतों.

शाळेंत मोटार आणण्याचा हा प्रश्न तसा जुनाच आहे. १९४७ सालीं लंडनमध्यें लेस्ली स्मिथ व रॉडनी स्मिथ या दोन मित्रांनीं आपल्या नांवांचे तुकडे जोडून ‘लेस्नी’ नांवाचा ओतकामाचा एक लहान कारखाना काढला. दोघांचें आडनांव एक, परंतु नातें कांहीं नाहीं. जॅक ओडेल नांवाचा एक कसबी कारागीर त्यांस येऊन मिळाला. ओडेलच्या मुलीच्या शाळेंत असा नियम होता कीं, आगपेटींत मावेल एवढेंच खेळणें वर्गांत आणावें. बापानें पितळेचा एक इवलासा रोड-रोलर घडविला व आगपेटींत घालून मुलीच्या हातीं दिला. वर्गांतील सर्व मुलांना तसाच रोलर हवासा झाला, आणि १९५३ पासून ‘मॅचबॉक्स’ या नांवाच्या मोटारी जगभर जाऊं लागल्या. त्या शाळेनें सरसकट बंदी घातली असती तर हा उद्योग कदाचित् जन्मासच आला नसता. आमच्या शाळेच्या शिस्तपालन समितीनें हा परिच्छेद वाचला नाहीं तरी चालेल.

मला जी मोटार करावयाची होती ती मात्र आगपेटींत मावणारी नव्हती. ती होती प्रीमियर पद्मिनी, आणि तीहि काळीपिवळी. वाचकांपैकीं जे लहान आहेत त्यांना ही गाडी चित्रपटांतच दिसली असेल. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली व तिचा कारखाना कुर्ल्यास उभा राहिला. तेथें इटलीच्या फियाट कंपनीच्या आराखड्यावरून मोटारी होऊं लागल्या. आरंभींच्या एका फियाटला तिच्या पुढें आलेल्या नाकाडावरून लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत; असें नांव ठेवण्यास आमच्या लोकांना शिकवावें लागत नाहीं. १९६४ सालीं फियाट ११०० डिलाइट आली, आणि त्याच गाडीस १९७४ सालापासून पद्मिनी हें भारदस्त नांव मिळालें. गाडीचें उत्पादन या शतकाच्या उंबरठ्यावरच थांबलें. टॅक्सींसाठीं ठरविलेल्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी राहिली नाहीं.

ती बातमी मीं बाबांना वाचून दाखविली. माझे वडील मुंबईंत टॅक्सी चालवीत. नगर जिल्ह्यांतून ते तरुणपणीं आले. प्रथम दुसऱ्याच्या गाडीवर रात्रपाळी केली, आणि १९८७ सालीं कर्ज काढून त्यांनीं एक जुनी पद्मिनी विकत घेतली. तिचें वय तेव्हां पांच वर्षांचें होतें. त्याच गाडीवर माझें व माझ्या दोन बहिणींचें शिक्षण झालें. २००७ सालीं ती भंगारांत गेली आणि आम्ही पनवेलीस राहावयास आलों. काचबिंदूमुळें बाबांची दृष्टि आतां बहुतेक गेलेली आहे. बातमी ऐकून ते एवढेंच म्हणाले, “म्हणजे आतां एकहि नाहीं?” मीं म्हटलें, “नाहीं.” त्यानंतर त्यांनीं विषय बदलला. मी मात्र दुसऱ्या दिवशीं मोजपट्टी घेऊन बाहेर पडलों.

पनवेलीस जुन्या मुंबई-पुणें रस्त्याच्या कडेला गॅरेजांची वाण नाहीं. अशाच एका गॅरेजच्या मागें, चिंचेच्या झाडाखालीं, पांढऱ्या रंगाची एक खासगी पद्मिनी वर्षानुवर्षें उभी आहे. गॅरेजच्या मालकानें प्रथम मला गिऱ्हाईक समजून किंमत सांगितली. मला गाडी नको, तिचीं मापें हवींत, असें कळल्यावर तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला व नंतर स्वतःच मोजपट्टीचें दुसरें टोंक धरून उभा राहिला. तीन रविवारीं, उपासना आटोपल्यावर, आम्हीं दोघांनीं ती गाडी इंच इंच मोजली. लांबी ३९३० मिलिमीटर. पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतर २३४० मिलिमीटर. पण लांबीरुंदी हें सोपें काम. छताचा उतार कोठें सुरू होतो, दिव्याच्या वरची भिवई किती पुढें येते, मागच्या पंखाची धार कोठें विरून जाते, हीं मापें पट्टीनें घेतां येत नाहींत. त्यासाठीं मऊ शिशाची तार गाडीच्या अंगावर दाबून बसवावयाची, आकार न मोडतां उचलावयाची व कागदावर ठेवून बाजूनें पेन्सिल फिरवावयाची. शिंपी अंगरख्याचें माप घेतो त्यापेक्षां हें काम फारसें निराळें नाहीं.

आतां प्रमाणाविषयीं थोडेंसें. या छंदांत १:६४, १:४३, १:२४, १:१८ अशीं प्रमाणें रूढ आहेत. त्यांपैकीं त्रेचाळीस हा चमत्कारिक आंकडा कोठून आला, असें मला मुलें विचारतात. त्याचें मूळ खेळण्यांतील आगगाडींत आहे. इंग्लंडांत ‘ओ’ गेजच्या आगगाड्या एका फुटास ७ मिलिमीटर या मापानें होत, आणि त्यांच्या स्टेशनाबाहेर उभ्या करावयास मोटारीहि त्याच मापाच्या लागत. एका फुटाचे ३०४.८ मिलिमीटर, त्यांस ७ नें भागून पाहा, म्हणजे त्रेचाळीस व अर्धा येतो. मीं निवडलेलें १:२४ हें प्रमाण म्हणजे एका फुटास अर्धा इंच. त्या मापानें माझी टॅक्सी १६३.७५ मिलिमीटर लांब व्हावयास हवी, आणि चाक सुमारें २४ मिलिमीटर व्यासाचें, म्हणजे जवळजवळ पांच रुपयांच्या नाण्याएवढें.

येथवर त्रैराशिक आहे. पुढें मात्र गणित आपले दांत दाखवूं लागतें. पेन्सिलीची अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ खऱ्या गाडीवर १२ मिलिमीटर रुंद होते! दाराच्या कडेची फट खऱ्या गाडींत चार मिलिमीटर असेल, तर माझ्या गाडींत ती एका मिलिमीटराचा सहावा हिस्सा हवी. इतकी बारीक रेघ केवळ सुरीच्या टोंकानेंच ओढतां येते. आणि वजनाचें पाहा. लांबी, रुंदी, उंची या तिन्ही चोविसाव्या हिश्श्यानें कमी झाल्या, म्हणजे घनफळ २४ × २४ × २४, अर्थात् १३,८२४ पटींनीं कमी झालें. खरी पद्मिनी सुमारें ९०० किलो वजनाची. ती जशीच्या तशी, पत्र्याच्या जाडीसकट आकसली, तर तिचें वजन ६५ ग्रॅम भरेल. माझी गाडी ३१० ग्रॅमची झाली. हे २४५ ग्रॅम माझ्या अडाणीपणाचे आहेत, असें मी वर्गांत सांगतों.

गाडीचा खालचा भाग मीं पांगाऱ्याच्या लांकडाचा केला. सावंतवाडीच्या चितारआळींतील खेळण्यांसाठीं कारागीर हेंच लांकूड वापरीत आले आहेत; तें हलकें असतें व पटाशीला विरोध करीत नाहीं. परंतु त्याचे तंतु फार लवकर उठतात, आणि पहिले दोन ठोकळे मीं त्यांतच घालविले. छत व बॉनेट पत्र्याचें केलें. कळंबोलीस लोखंडाचा एवढा मोठा बाजार आहे, परंतु मला हवा होता तुपाच्या डब्याचा पत्रा, व तो आमच्याच स्वयंपाकघरांत मिळाला. (डबा रिकामा होण्यापूर्वींच मीं तो कापावयास घेतला, असें माझी पत्नी सांगते. तूप थोडेंच होतें.) खिडक्यांच्या चौकटी पितळी तारेच्या, डाख लावून जोडलेल्या. पुढचे दिवे मुलीच्या तुटलेल्या माळेंतील मण्यांचे अर्धे तुकडे. चाकांना नळाच्या वॉशरांचें रबर. खुरदरे भाग लांबी भरून व पॉलिश पेपरनें घासून सारखे केले, अस्तराचा हात दिला, पुन्हां घासलें, पुन्हां अस्तर दिलें. या कामांत खरा वेळ घासण्यांत जातो, आणि तें काम कोणाच्याहि नजरेस येत नाहीं.

रंगानें मला सर्वांत अधिक छळलें. काळीपिवळी म्हटल्यावर काय तें, दोन डबे आणावे आणि लावावे, असा माझा समज होता. पिवळा आधीं द्यावा व काळा मागून, कारण काळ्यावर पिवळा चढत नाहीं, एवढें मला ठाऊक होतें. परंतु निव्वळ काळा रंग लहान वस्तूवर फार गडद दिसतो. ती वस्तु मोटार न वाटतां कोळशाचा तुकडा वाटूं लागते. रस्त्यावरील मोठी गाडी आपण लांबून पाहतों, मध्यें हवा असते, धूळ असते, अंगावर आकाशाचें प्रतिबिंब असतें. हातभर अंतरावरून पाहावयाच्या गाडीस हें सर्व रंगांतच कालवून द्यावें लागतें. काळ्यांत पांढऱ्याचे कांहीं थेंब टाकले तेव्हां कोठें टॅक्सी दिसूं लागली.

या सुमारास तो नववींतील मुलगा व त्याचे दोन मित्र शनिवारीं दुपारीं माझ्या घरीं येऊं लागले होते. त्यांचा मार्ग निराळा. ते बाजारची तयार, १:६४ ची मोटार घेतात, तिच्या तळाचे रिव्हेट ड्रिलनें पोखरून ती उघडतात, जुना रंग उतरवितात, आणि मग रुंद चाकें, बसकी चाल, दारावर ज्वाळा अशी आपल्या मनाची गाडी तयार करतात. (रंग उतरविण्याचें रसायन डोळ्यांना व कातडीला अपायकारक असतें, हातमोजे घालून, उघड्या हवेंत व मोठ्या माणसाच्या देखत तें वापरावें. शिक्षकास हें लिहिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.) मला स्वतःला ज्वाळा आवडत नाहींत, पण या मुलांच्या हातांत जी धिमी सफाई आली आहे ती त्यांच्या वह्यांत मला कधींच दिसली नव्हती. अमेरिकेंत १९३० पासून १९६८ पर्यंत फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड या नांवानें मुलांसाठीं अशाच कामाच्या स्पर्धा होत. प्रथम राजेशाही घोडागाडीची प्रतिकृति करावी लागे व पुढें स्वतः कल्पिलेल्या मोटारीची. विजेत्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठीं शिष्यवृत्त्या मिळत. तेव्हां ज्वाळांचेंहि कांहीं भलें होऊं शकतें.

रंग वाळल्यावर मुलें खूश झालीं. गाडी चकचकीत दिसत होती. त्यानंतर मीं मागचें डावें दार घासून त्यावर निराळाच, अधिक गडद व निस्तेज काळा दिला, आणि मुठीच्या मागें अंगठ्याच्या पेराएवढा पोचा पाडला. मुलें ओरडलीं, “सर, बिघडवलीत! नवीच राहूं द्या ना!” त्यांना मीं सांगितलें कीं, ही गाडी अशीच होती. दार कां निराळें, असें त्यांनीं विचारलें. तें दुसऱ्या गाडीचें होतें, मूळचें अपघातांत गेलें, असेंहि सांगितलें. आणखी जें सांगावयाचें होतें तें त्या वेळीं सांगितलें नाहीं.

मी सहावींत होतों. मिशनच्या शाळेंत, फी माफीवर. बक्षीस-समारंभाच्या दिवशीं मला गणिताचें पुस्तक बक्षीस मिळालें होतें, आणि पाऊस कोसळत होता म्हणून बाबा धंदा सोडून मला न्यावयास आले होते. फाटकाशीं खासगी मोटारी उभ्या होत्या, व त्यांच्या रांगेच्या शेवटीं आमची टॅक्सी, तें विजोड दार नेमकें रस्त्याच्या बाजूस करून. खाकी कपडे घातलेले बाबा छत्री घेऊन उतरले. माझ्या बरोबरच्या मुलानें विचारलें, “तो कोण रे?” मीं म्हटलें, “आमचा टॅक्सीवाला.”

ते तीन पावलांवर होते. पेत्राची गोष्ट मला तेव्हां पाठ होती. तिच्यावरच्या परीक्षेंत मला पैकींच्या पैकीं गुण मिळालेले होते.

बाबा कांहीं बोलले नाहींत. मागचें दार उघडून धरीत त्यांनीं म्हटलें, “बसा, साहेब.” मी मागें बसलों. एरवीं मी पुढें त्यांच्या शेजारीं बसत असें. मग ते गाडीच्या पुढून वळसा घालून डाव्या बाजूस गेले आणि त्यांनीं मीटर पाडला.

आजच्या मुलांना हें समजणार नाहीं. २०१२ सालापासून मुंबईंत टॅक्सींना इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले. त्यापूर्वींचा मीटर यंत्राचा असे. तो गाडीच्या बाहेर, डाव्या बाजूस बसविलेला असे, व त्याला एक लहानसा झेंडा असे. झेंडा उभा म्हणजे गाडी रिकामी. गिऱ्हाईक बसलें कीं तो हातानें खालीं पाडावयाचा. घंटीसारखा एक आवाज होई व आंकडे चालूं लागत. शाळेपासून कुर्ल्याच्या आमच्या चाळीपर्यंत मी ते आंकडे फिरतांना ऐकत होतों. घरापाशीं गाडी थांबली. बाबांनीं उतरून झेंडा वर केला, आंकडे शून्यावर गेले, आणि ते दार उघडून म्हणाले, “चल, भिजूं नकोस.” त्या दिवशीं मीटरनें किती भाडें दाखविलें तें मला आजहि आठवतें, येथें लिहीत नाहीं. या गोष्टीचा उच्चार त्यांनीं नंतर कधीं केला नाहीं, मींहि केला नाहीं. मात्र त्यानंतर ते मला न्यावयास आले तर गाडी फाटकाशीं आणीत नसत. पुढच्या वळणावर, पानवाल्याच्या पलीकडे, उभी करीत.

माझ्या चोविसाव्या हिश्श्याच्या टॅक्सीवर सर्वांत शेवटीं मीं तो मीटर बसविला. पितळेचा तुकडा कानशीनें घासून पेटी केली व तांदळाच्या दाण्याएवढा झेंडा डाख देऊन जोडला. पाडलेला. मला तो तसाच आठवत होता, आणि दुसरा कसा करावा हें माझ्या मनांतहि आलें नाहीं.

गेल्या नाताळच्या आदल्या संध्याकाळीं मीं ती गाडी बाबांच्या हातांत दिली. तिच्याविषयीं मीं त्यांना आधीं कांहीं सांगितलें नव्हतें. त्यांनीं प्रथम तिचें वजन पाहिलें, मग छतावरून तळवा फिरविला. कॅरियरच्या दांड्यांवर त्यांचीं बोटें थांबलीं. “पद्मिनी,” ते म्हणाले. पुढचे दिवे, भिवई, बॉनेटची मधली धार, सर्व चांचपून झालें. “बंपर खालीं आलाय. दोन सूत वर हवा.” नंतर घरीं येऊन मोजलें तर त्यांचें म्हणणें बरोबर ठरलें. डाव्या बाजूनें अंगठा मागें सरकत गेला आणि मुठीच्या मागच्या पोच्यांत जाऊन बसला. तेथें तो बराच वेळ राहिला. आतां ते दाराबद्दल बोलतील असें मला वाटलें, परंतु त्यांनीं कांहीं म्हटलें नाहीं. हात पुन्हां पुढें आला, व मीटरला लागला.

“हा पाडलास कशाला?”

मीं उत्तर दिलें नाहीं.

“आंत कोण बसलं आहे?”

“कोणी नाहीं, बाबा.”

“मग उभा कर. उगीच चालू ठेवूं नये.”

मीं म्हटलें, उद्यां करतों. रात्र झाली आहे, पाहुणे यावयाचे आहेत. ते म्हणाले, “आतां कर.” तेव्हां मीं स्वयंपाकघरांतील ओट्यावर जागा केली, डाख देण्याचें हत्यार तापविलें, आणि ते माझ्याशेजारीं स्टुलावर बसून राहिले. झेंडा इतका लहान कीं चिमट्यांत धरला म्हणजे दिसेनासा होई. दोनदां तो खालीं पडला व मुलीनें जमिनीवर गाल टेकवून शोधून दिला. तिसऱ्या खेपेस तो उभा राहिला. डाख निवल्यावर बाबांनीं बोट लावून पाहिलें. किंचित् वांकडा बसला आहे, असें ते म्हणाले. परंतु पुन्हां काढ म्हणाले नाहींत.